ट्रंकेतल्या फिती, खिशातली गाणी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जुन्या तबकड्या, कॅसेटी आणि खिशात मावणारे प्लेअर यांविषयी वाचकांचे प्रश्न मागवले होते. चवथीच्या आधी घराची साफसफाई निघते आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, हे ध्यानात ठेवूनच ती वेळ निवडली होती; अपेक्षेप्रमाणे बहुतेक पत्रे ट्रंक उघडल्यानंतर लिहिलेली आहेत. त्यांतली काही थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न (फोंडा) : माझे वडील गावच्या देवळात भजन करीत. १९८२ ते १९९५ या काळात त्यांनी स्वतःची आणि इतर बुवांची भजने टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, मुद्रित करून ठेवली होती. अशा बेचाळीस कॅसेटी आहेत. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. यंदा ट्रंक उघडली तेव्हा काही कॅसेटींच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुरी दिसली. एक कॅसेट लावून पाहिली; आवाज दबका आला आणि थोड्या वेळाने मशीनने फीत खाल्ली. शिवाय काही कॅसेटींत शेवटाकडे वडिलांचा आवाज बारीक होत जात असे, एखाद्या लहान मुलाने गावे तसा, हे मला पूर्वीपासून आठवते. हेही फितीचेच दुखणे आहे काय? या कॅसेटी वाचतील काय?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, म्हणून ती वेगवेगळी घेतो.

भुरीचे आधी. उरलेल्या एक्केचाळीस कॅसेटींपैकी एकही तूर्त मशीनमध्ये घालू नका, आणि ज्या मशीनमध्ये पहिली लावलीत ते स्वच्छ केल्याशिवाय त्यात निरोगी कॅसेटही घालू नका. भुरी फितीवरून हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, आणि पिंच रोलरवर, म्हणजे फीत ओढणाऱ्या रबरी चाकावर, उतरते आणि तेथून पुढच्या कॅसेटीला लागते. आवाज दबका आला तो हेडवर थर बसून फीत त्याच्यापासून केसभर दूर राहिली म्हणून. आणि फीत खाल्ली गेली ती गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटून चाक अडले म्हणून. हेड आणि त्याच्या शेजारचा धातूचा बारीक दांडा कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल वारंवार लागले की ते कडक होते, म्हणून तेथे किंचित साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कपडा पुरे.

फीत म्हणजे पॉलिस्टरची ३.८१ मिलिमीटर रुंदीची पट्टी, आणि तिच्यावर एका चिकट लेपात बसवलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण. बुरशीला त्या लोहात रस नसतो; तिला हवा असतो तो लेप, त्यावरची धूळ आणि आपल्या बोटांचे तेल. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि सत्तरच्या वर गेलेल्या आर्द्रतेत बुरशीला आणखी कशाचीही गरज लागत नाही. पत्र्याची ट्रंक तिला अडवत नाही, उलट आत शिरलेला ओलावा धरून ठेवते. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या आजच काढून टाका; त्या कसरीसाठी आहेत, भुरीसाठी नव्हेत, आणि त्यांची वाफ कॅसेटीच्या प्लॅस्टिकला मानवत नाही.

मग करायचे काय? भुरी आलेल्या कॅसेटी वेगळ्या काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन-तीन आठवडे ठेवा. अंगणात सोले वाळत घालतो तशा त्या उन्हात ठेवू नका. उष्णतेने आवरण वाकते आणि फीत ताणली जाते. कोरडी पडलेली भुरी पीठ होऊन सुटते, ओली असताना मात्र चिवट राहते. त्यानंतर घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून आणि तोंडावर मास्क लावून, मऊ ब्रशने ती झटका. घरात कोणाला दमा असेल तर हे काम त्या व्यक्तीने करू नये.

आवरण पाच स्क्रूंचे असेल तर पुढचे काम सोपे आहे. बाजारातून स्क्रूचीच एक कोरी कॅसेट आणा, तिची फीत काढून ठेवा आणि आपली फीत तिच्या आवरणात बसवा. उघडण्यापूर्वी मोबाइलवर आतल्या मांडणीचे छायाचित्र घ्या, कारण दोन्ही कोपऱ्यांतल्या चिमुकल्या चकत्या आणि मधली नमद्याची गादी कोठे होती हे पाच मिनिटांनी आठवत नाही. ही गादी धातूच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली असते आणि ती गळून पडली तरी आवाज दबतो. पुष्कळ लोक अशी कॅसेट बाद झाली म्हणून टाकून देतात. काही कॅसेटी चिकटवून बंद केलेल्या असतात; त्या सांध्यावर पातळ पाते घालून हलक्या हाताने उकलाव्या लागतात, आणि हात कापण्याचा संभव असल्यामुळे ते काम घाईने करू नये. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने जोडू नका. त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते. नव्या आवरणात बसवलेली फीत प्रथम षट्कोनी पेन्सिलीने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मशीनने नव्हे. कॅसेटीच्या चाकाला आत सहा दाते असतात आणि शाळेची पेन्सिल त्यांत नेमकी बसते, हे आपल्या पिढीला सांगावे लागू नये.

आता बारीक होत जाणाऱ्या आवाजाविषयी. हे फितीचे दुखणे नाही, सेलचे आहे. आपल्या वडिलांनी ही मुद्रणे सेलवर केली असणार, कारण देवळाच्या मंडपात त्या काळी विजेची जोडणी हाताशी असेलच असे नव्हते. रात्र चढत गेली, सेल उतरत गेले, मोटर मंदावली आणि फीत ठरलेल्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरपेक्षा, हळू सरकू लागली. आता तीच फीत योग्य वेगाने वाजवली की गाणे घाईत आणि चढ्या सुरात येते. वेगात सुमारे सहा टक्के घट झाली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. वडील काळी एकमध्ये गात असतील तर ते पांढरी दोनमध्ये ऐकू येतील, आणि सेल अगदी तळाला गेल्यावर त्याच्याही पुढे. संगणकावर हे सुधारता येते, पण किती सुधारायचे हे कानाने ठरवू नये, कारण आपल्या स्मरणातला वडिलांचा आवाजही वयानुसार बदललेला असतो. भजनात पेटी होती ना? पेटीच्या पट्ट्यांचा सूर सेलवर अवलंबून नसतो. ती पेटी अजून देवळात असेल तर तिथे जाऊन तीच पट्टी वाजवून मोबाइलवर मुद्रित करा आणि कॅसेटीतली पेटी तिच्याशी जुळेपर्यंत वेग कमी करा. पेटी जुळली की वडील आपोआप जुळतील. वेग क्रमाने घटला असल्यामुळे एका कॅसेटीत हे काम तुकड्या-तुकड्यांनी करावे लागेल.

नक्कल करण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटीच्या माथ्यावरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडलेल्या आहेत की नाहीत ते पाहा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. वडिलांचे टू-इन-वन अजून असेल आणि चालत असेल तर आनंदच आहे, कारण ज्या हेडने मुद्रण केले त्याच्या तिरकेपणाशी तेच हेड सर्वांत चांगले जुळते. नसेल तर चांगल्या डेकवर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून टाळांचा आवाज सर्वांत लख्ख कोठे येतो ते शोधावे लागते, आणि हे प्रत्येक कॅसेटीमागे. भजनाच्या मुद्रणात टाळ असतात ही या कामात मोठीच सोय आहे. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकात घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, आणि फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. ९० मिनिटांची कॅसेट सुमारे दीड जीबी होते. आपल्या बेचाळीस कॅसेटी सर्व ९० मिनिटांच्या धरल्या तरी ६५ जीबींच्या आसपास जातील, म्हणजे एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. मूळ नकलेतून खरखर काढण्याचा मोह आवरा. खरखर काढणारी आज्ञावली टाळांचाही थोडा अंश घेऊन जाते. ते प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. कॅसेटीच्या कागदावर वडिलांच्या हस्ताक्षरात जे लिहिले आहे त्याचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, हे सांगणारे गावातले जाणते आज आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या.

१२० मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्या शेवटी ठेवा आणि एकदाच वाजवा. ६० मिनिटांच्या कॅसेटीची फीत सुमारे १८ मायक्रॉन जाडीची, ९० ची १२ आणि १२० ची जेमतेम ९ मायक्रॉनची असते, आणि तीस-चाळीस वर्षांनंतर ती ताण सोसत नाही.

प्रश्न (मडगाव) : मी महाविद्यालयात शिकतो. किनारी भागातल्या एका बाजारातून मी जुना वॉकमन घेतला. विकणाऱ्याने "फक्त बेल्ट बदलला की चालेल" असे सांगितले होते. तो चालत नाही. मी फसलो आहे काय? आणि संग्रह सुरू करायचा तर कोणत्या वॉकमनपासून करावा?

उत्तर : "फक्त बेल्ट" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच हात खिशातून बाहेर काढतो. तरीही ते कधी कधी खरे असते, आणि ते तपासण्याची रीत सोपी आहे. नवे सेल घाला, कॅसेट न घालता प्ले दाबा आणि वॉकमन कानाशी धरा. मोटरचा गुणगुणाट ऐकू येत असेल आणि चाके फिरत नसतील, तर विक्रेता खरे बोलला. मोटरही गप्प असेल तर प्रथम सेलचा कप्पा पाहा. जुने सेल पाझरून पत्र्यावर पांढरी-हिरवी पूड जमलेली असते. अल्कलाइन सेलची ती पूड कापसाच्या काडीवर किंचित व्हिनेगर घेऊन पुसली की निघते, नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे करावे. त्यानेही काही झाले नाही तर दोष सर्किटात आहे, आणि तेव्हा हा वॉकमन शोभेचा समजावा.

बेल्टच असेल तर आत रबराऐवजी डांबरासारखा काळा चिखल सापडेल. काही जुन्या पट्ट्यांचे रबर काळाने असे वितळते, आणि तो चिखल अंगाला लागला की दोन दिवस जात नाही. तो अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा पट्टा बसवू नका. पट्टा ज्या मार्गाने जातो त्यावर दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून थोडा आखूड पट्टा घ्या. सैल पट्ट्याने गाणे डगमगते, फार घट्ट पट्ट्याने मोटर दमते.

कोठून सुरुवात करावी, याचे उत्तर संग्राहक देतील ते मी देणार नाही. ते आपल्याला पहिल्या वॉकमनचे, टीपीएस-एल२ चे, नाव सांगतील. सोनीने तो १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीस आणला. त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावे. आणि एक नारिंगी बटण होते, ते दाबले की गाणे मंद होऊन हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता येई. गाणे एकट्याने ऐकण्याचे यंत्र म्हणून जे पुढे ओळखले गेले त्याच्या कर्त्यांना सुरुवातीला एकटेपणाचीच भीती वाटली होती, ही मला त्या यंत्राची सर्वांत मनोरंजक गोष्ट वाटते. पण आज त्याची किंमत त्याच्या आवाजाची नसून त्याच्या पहिलेपणाची आहे. विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाअखेरचा, धातूच्या अंगाचा आणि डॉल्बी (फितीचा सूं आवाज दाबणारी सोय) असलेला कोणताही चालू वॉकमन घ्यावा. आज नव्याने तयार होणारे स्वस्त कॅसेट प्लेअर दिसायला गोजिरवाणे असतात, पण त्यांत डॉल्बी नसते आणि फीत स्थिर वेगाने ओढणारे जड चक्रही बहुधा नसते. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी बहुतेक वॉकमन त्यांवर नीट चालतात, आणि ते अल्कलाइनपेक्षा कमी पाझरतात.

प्रश्न (डिचोली) : आजोबांच्या ग्रामोफोनच्या साठ-सत्तर काळ्या तबकड्या आहेत. त्यांवर तुपकट मळ आहे. सर्जिकल स्पिरिटने पुसू काय?

उत्तर : कृपया पुसू नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसून लाखेच्या आहेत, म्हणजे छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांनी केलेली लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. आपण पुसाल तो मळ नसेल, गाणे असेल. डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कपड्याने खोबणीच्या दिशेने पुसा, मधला कागद भिजू देऊ नका, आणि लगेच कोरडे करा. तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की तळच्या तडकतात.

पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. ती खोबणीवर घासून झिजावी आणि तबकडी कमी झिजावी, अशीच ती योजना होती. जुन्या घरांत सुयांच्या चिमुकल्या डब्या सापडतात त्या यासाठी. पुढे आलेल्या एलपीची खोबण कितीतरी अरुंद असते. एलपीच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे आणि ७८ च्या सुईचे सुमारे ७५. म्हणून एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खोबणीच्या तळाशी जाऊन नुसती खरखर गोळा करते, आणि उलट केले तर एलपीवर नांगर फिरतो.

आपल्या तबकड्यांत केसरबाई केरकरांची एखादी आहे काय ते पाहा. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या या गायिकेची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्या तबकडीवर भारतातली तेवढी एकच रचना आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, म्हणजे आजोबांच्या ग्रामोफोनवर ती लागली नसती. मैफलीत राग तासभर मांडणाऱ्या गायकांना दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. आजोबांच्या तबकड्या ऐकताना गायक शेवटी घाईने सम गाठतो असे वाटले तर दोष त्याचा नव्हे.

प्रश्न (म्हापसा) : मी जहाजावर होतो. १९९८ साली मिनीडिस्कचा रेकॉर्डर घेतला. चाळीसेक मिनीडिस्क आहेत, त्यांत मुलांची लहानपणची बोलणीही आहेत. संगणकावर कशी घ्यावीत? लग्नाच्या आणि बारशांच्या सीडीही आहेत, पण त्यांची काळजी नाही.

उत्तर : काळजी नेमकी उलट करावी. मिनीडिस्क सोनीने १९९२ मध्ये आणली. तिच्यात लेझरने पृष्ठभाग तापवून चुंबकाने मुद्रण होते आणि चकती प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असते, त्यामुळे ती चिवट आहे. घरी लिहिलेल्या सीडीत मात्र मजकूर रंगाच्या थरात असतो. तो थर प्रकाशाने फिका पडतो, आणि चकाकणारा पत्रा वरच्या, म्हणजे आपण पेनने नाव लिहितो त्या बाजूला, केवळ वार्निशच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूचे ओरखडे पुष्कळदा पुसता येतात. वरच्या बाजूचा ओरखडा म्हणजे भोक. तेव्हा या आठवड्यात सीडी उतरवून घ्या, मिनीडिस्क पुढच्या महिन्यात.

मिनीडिस्कसाठी साधा मार्ग हेडफोनच्या किंवा लाइनच्या छिद्रातून संगणकात घेण्याचा आहे. तो वेळखाऊ आहे, पण मुलांच्या बोलण्यासाठी पुरेसा आहे. थेट अंकीय नक्कल हवी असेल तर २००६ चा एमझेड-आरएच१ हा सोनीचा रेकॉर्डर जुन्या चकत्यांवरचे स्वतःचे मुद्रणही यूएसबीने संगणकाला देतो. तो महाग मिळतो, म्हणून एखाद्या स्नेह्याकडून उसना मिळाला तर पाहा. आपला रेकॉर्डर चालतो आहे तोवर हे उरका. सोनीने मिनीडिस्कचे प्लेअर २०१३ मध्ये थांबवले आणि कोऱ्या चकत्या २०२५ मध्ये.

प्रश्न (पेडणे) : माझ्याकडे सहाशे कॅसेटी आहेत, बहुतेक हिंदी चित्रपटांच्या. विकल्यास किती येतील?

उत्तर : आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. १९८० च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि लाखोंनी निघाल्या. आपल्याकडे आहे ते तेव्हाच्या प्रत्येक पानपट्टीवर वाजत होते. पण विकण्याआधी त्या सहाशेंतून एक ढीग वेगळा काढा : धालो, फुगड्या, शिमग्याची गाणी, स्थानिक मंडळांची भजने, तियात्रातली (कोकणी संगीत नाटकांतली) कांतारां म्हणजे गाणी, आणि ज्यांवर मुद्रित लेबलच नाही अशा सर्व. चित्रपटाची गाणी कंपनीकडे मूळ स्वरूपात आहेत. गावच्या एखाद्या भजनी मंडळाने हौसेने काढलेल्या मोजक्या कॅसेटींची मूळ फीत कोठेच नसेल, आपली कॅसेट हीच मूळ फीत ठरेल. तो ढीग विकू नका. बाकीच्या कोणाला हव्या असतील त्यांना देऊन टाका.

प्रश्न (साळगाव) : हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत तबकड्या नव्हे तर कॅसेटी वाजवीत, कारण तबकड्या उन्हाने वितळत, असे माझा भाचा सांगतो. ही दंतकथा आहे काय?

उत्तर : दंतकथा नाही, थोडी अतिशयोक्ती आहे. एलपी वितळत नाही, वाकते. उन्हात पडलेली व्हिनाइलची तबकडी तासाभरात थाळीसारखी होऊ शकते. त्यात वाळू, जनरेटरवरची वीज, आणि विमानातून आणण्याचे ओझे. म्हणून १९८० च्या दशकात तेथील डीजे कॅसेटींवर आणि पुढे डॅटवर वाजवीत. डॅट म्हणजे १९८७ मध्ये आलेली अंकीय फीत, कॅसेटीपेक्षाही लहान आवरणातली. फितीवर दोन रचनांचा ताल जुळवणे अवघड, त्यामुळे एक रचना मंद होत असताना दुसरीचा लांबलचक आरंभ सुरू करण्याची रीत तेथे रुळली. साधनाने संगीताला वळण दिल्याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या गोव्यात मला सुचत नाही. भाच्याकडे कोणाच्या डॅट असतील तर त्याला सांगा, चालू डॅट मशीन आता ग्रामोफोनपेक्षा दुर्मीळ आहे.

प्रश्न (पणजी) : जे नाट्यपद मी कॅसेटीवर ऐकत वाढलो तेच फोनवर ऐकले की तितके भिडत नाही. कॅसेटीचा आवाज खरोखरच चांगला होता, की हे माझे वय बोलते आहे?

उत्तर : मापाने पाहिले तर कॅसेटीचा आवाज चांगला नव्हता. १९६३ मध्ये फिलिप्सने ती आणली तेव्हा ती मुख्यतः बोलण्याच्या नोंदीसाठी धरली होती; इतक्या अरुंद आणि हळू फितीवर सूं असा आवाज राहणारच, आणि डॉल्बी आली ती तो दाबण्यासाठी. सीडीने १९८२ मध्ये हा प्रश्न निकालात काढला. तेव्हा आवाजाचे कारण नव्हे.

मला जे कारण वाटते ते असे. कॅसेटीवर पुढच्या गाण्यावर उडी मारता येत नाही. फीत पुढे पळवता येते, पण अंदाजाने, आणि चुकले की मागे. म्हणून माणूस कंटाळून मधले गाणेही ऐकतो. आपल्याला ते पद एकटे आठवत नसेल. त्याच्या आधीचे पद, त्यानंतरचा थोडा रिकामा अवकाश, आणि बाजू संपल्यावर खटकन उडणारे बटण, हे सारे मिळून आपण ऐकत होता. फोनवर आपण नेमके ते पद शोधून लावता आणि ते एकटेच येऊन उभे राहते. प्रयोग म्हणून ती संपूर्ण कॅसेट, तिच्याच क्रमाने, फोनवर न थांबता ऐकून पाहा. काही अंशी परिणाम होईल असे मला वाटते, पूर्ण नव्हे.

माझ्याकडे एक कॅसेट आहे. १९८४ च्या पावसाळ्यात आकाशवाणी पणजीवर लागलेले नाट्यसंगीत मी रेडिओसमोर मायक्रोफोन धरून मुद्रित केले होते, आणि कौलांवरच्या पावसामुळे ते धड ऐकूही येत नव्हते. पुढे कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून मीच त्यावर चित्रपटांची गाणी चढवली. टिकल्या मोडायला हव्या होत्या, हे मी वर फोंड्याच्या वाचकांना सांगितले ते उगाच नाही. चित्रपटांची गाणी दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत पोहोचली नाहीत. ती संपल्यावर जुन्या मुद्रणाची सात सेकंदे शिल्लक आहेत, त्यांत पाऊस आहे आणि स्वयंपाकघरातून आई म्हणते, "पेज निवता मरे." ही सात सेकंदे मी संगणकावर वेगळी कापून ठेवली आहेत, दोन प्रती करून. तशी ती मी क्वचितच ऐकतो. कॅसेटीवर ती ऐकायची तर आधी चाळीस मिनिटे १९८६ ची चित्रपटगीते ऐकावी लागतात, आणि त्यांतली निम्मी अत्यंत सामान्य आहेत. ती मी ऐकतो.